शांत उभी असलेली गाय: गोठ्यातलं दुखणं ओळखायचं आणि मोजायचं कसं

दूध दोन लिटरनं घटलं की डॉक्टरांना फोन जातो. त्याआधीचे दोन-तीन दिवस गाय तिच्या परीनं सांगत असते, पण ती हंबरत नाही, आणि न हंबरणारं जनावर ठीक आहे असं आपण धरून चालतो. पुणे जिल्ह्यातल्या गोठ्यांवर फिरताना एक वाक्य फार ऐकायला मिळतं: "तशी शांत उभी आहे डॉक्टर, त्रास काही दिसत नाही." माझं म्हणणं असं की पुष्कळदा शांत उभं राहणं हाच तो त्रास असतो.

गाय, म्हैस, शेळी, मेंढी ही कळपानं राहणारी आणि शिकार होणारी जनावरं. लंगडणारं, कण्हणारं जनावर शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतं. दौंड-बारामतीच्या माळावर लांडगा अजून आहे आणि जुन्नरच्या उसात बिबट्या, त्यामुळे दुखणं लपवायची ही सवय काही जुन्या काळात राहून गेलेली नाही. खिल्लार बैलाला किंवा म्हशीला आपण कौतुकानं 'सोशीक' म्हणतो. ती दुखणं कमी दाखवतात एवढंच त्यातून कळतं. दुखतंही कमीच, असा त्याचा अर्थ काढला की उपचाराला उशीर झालाच समजा.

खालची पद्धत पशुपालकासाठी आहे. तिच्यासाठी वही, थर्मामीटर, सेकंदकाटा असलेलं घड्याळ आणि मोबाइलचा कॅमेरा एवढंच लागतं. रोगाचं निदान डॉक्टर करतील. दुखतंय का, किती दुखतंय आणि कालपेक्षा जास्त की कमी, हे मात्र चोवीस तास गोठ्यात वावरणाऱ्या माणसालाच सांगता येतं.

आधी निरोगी जनावराची ओळख

आजारी जनावर ओळखायचं तर त्याच जनावराचा बरा दिवस आठवणीत हवा. म्हणून ही पहिली पायरी सगळं सुरळीत असतानाच करायची. प्रत्येक जनावरासाठी वहीत एक पान ठेवा. गव्हाणीवर ती आधी येते की मागून, कोणत्या कुशीवर बसते, धार काढताना पाय हलवते का, अनोळखी माणूस आला तर पुढे येते की मागे सरते, असं सगळं त्यात लिहा. गीर गाईचे कान मुळातच लोंबते असतात, एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) संकरित गाईचे आडवे. 'कान पडले' हे लक्षण गीरमध्ये वेगळ्या नजरेनं पाहावं लागतं, आणि ती नजर बऱ्या दिवशीच तयार होते.

त्याच पानावर आकडे टाका. मोठ्या गाईचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, नाडी मिनिटाला ६० ते ८०, श्वास मिनिटाला १५ ते ३०. म्हशीचं तापमान गाईपेक्षा किंचित कमी, शेळीचं जास्त म्हणजे १०२ ते १०४, आणि शेळीची नाडी ७० ते ९०. नाडी शेपटीच्या मुळाशी, खालच्या बाजूनं बोट ठेवून मोजता येते. श्वास लांबूनच, कुशीच्या हालचालीवरून मोजा. डाव्या कुशीतल्या खळग्यावर मूठ दाबून धरली तर दोन मिनिटांत पोटाच्या दोन ते तीन लाटा हाताला जाणवतात. ही मोजणी सकाळी करा. एप्रिल-मे महिन्यात शिरूर-इंदापूरकडे दुपारी दोनला एचएफ गाय नुसत्या उन्हानं धापा टाकत असते. तो आकडा वेदनेच्या नावावर जमा केलात तर पुढचं सगळं गणित चुकेल.

दिवसभरात गाय सात-आठ तास रवंथ करते आणि दहा ते बारा तास बसून असते. रवंथाचा एक घास साधारण पन्नास-साठ वेळा चघळते. हे मोजत बसायची गरज रोज नाही. पण रात्री नऊला गोठ्यात बॅटरी मारली तर निम्म्याहून जास्त जनावरं बसून रवंथ करताना दिसली पाहिजेत, आणि जे उभं आहे ते नेहमीच तेव्हा उभं असतं का, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

लांबून पाहा, हाक मारू नका

दुसरी पायरी सगळ्यात मोलाची, आणि नेमकी तीच गाळली जाते. जनावर बिनसल्यासारखं वाटलं की आपण थेट जवळ जातो, पाठीवर थाप मारतो, "काय गं, काय झालं?" म्हणतो. माणूस जवळ आला की जनावर सावध होतं, मान वर करतं, कान टवकारतं, आणि खरी लक्षणं झाकली जातात. म्हणून दहा-पंधरा फुटांवर, तिच्या नेहमीच्या जाण्या-येण्याच्या वाटेपासून बाजूला, पाच मिनिटं गप्प उभं राहा. वैरण टाकायच्या अगदी आधीची वेळ टाळा. भुकेच्या आशेनं दुखणारं जनावरही थोडा वेळ ताजंतवानं दिसतं.

काय पाहायचं, ते या क्रमानं:

लक्ष कुठे आहे? बरी गाय चघळत असते, शेजारणीला चाटते, रस्त्यावरच्या ट्रॅक्टरकडे मान वळवते. दुखणारी गाय आपल्यातच असते. आवाज झाला तरी कान फिरत नाहीत.

मान किती खाली आहे? पाठीच्या रेषेच्या बरीच खाली लोंबलेली, किंवा उलट ताठ ताणून धरलेली मान, दोन्ही संशयास्पद. मान पुढे ताणून कोपरं बाहेर फेकून उभी असेल तर छातीत किंवा जाळीपोटात (गाईच्या पोटाचा हृदयाजवळचा, जाळीसारखा कप्पा) दुखण्याची शक्यता मोठी.

कान कसे आहेत? मागे वळलेले, किंवा खाली पडलेले. एक कान सारखा हलत असेल तर त्या बाजूचं शिंग, कान किंवा दात पाहा.

चेहरा. हे वाचायला सवय लागते, पण एकदा कळलं की नजरेतून सुटत नाही. डोळ्याच्या वरच्या बाजूला आठ्या, बारीक केलेला किंवा एकटक डोळा, गालाचा ताठलेला स्नायू, फुगलेल्या नाकपुड्या आणि त्यांच्या वर पडलेल्या रेघा. बऱ्या दिवशी काढलेला चेहऱ्याचा फोटो मोबाइलमध्ये असेल तर शेजारी धरून ताडून पाहा.

पाठ. सरळ की कमानीसारखी? पोट, खूर, कास, गर्भाशय यांपैकी कशाचंही दुखणं पाठीत दिसू शकतं.

पाय. कोणता पाय अधूनमधून उचलते, कोणत्या पायावरचा भार सोडते, मागचे पाय पोटाखाली ओढून उभी आहे का, पुढचे पाय गव्हाणीच्या कट्ट्यावर चढवून उभी आहे का.

याच वेळी दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा. डॉक्टर पोहोचेपर्यंत जनावर चार वेळा बदलतं, व्हिडिओ तसाच राहतो.

आवाजाबद्दल थोडं वेगळं. माजावरची गाय हंबरते, वासरू तोडलेली म्हैस ओरडते, शेळी तर काही नसतानाही ओरडते. मोठ्या आवाजावरून दुखण्याचा अंदाज बांधू नका. दात खाण्याचा करकर आवाज, श्वास सोडताना येणारं बारीक कण्हणं, बसताना-उठताना-शेण टाकताना निघणारा हुंकार हे खरे पुरावे, आणि ते ऐकायला गोठ्यातला रेडिओ बंद करावा लागतो.

चालवून बघा

तिसरी पायरी. सपाट, टणक जागेवर, कासरा ढिला सोडून, वीस-पंचवीस पावलं चालवा आणि बाजूनं पाहा. चालीला पाच टप्प्यांत गुण देण्याची पद्धत जगभर दुग्धव्यवसायात वापरतात, ती आपल्या गोठ्यालाही जमते. उभी असताना आणि चालताना पाठ सरळ, तर १. उभी असताना सरळ पण चालताना कमान, तर २. दोन्ही वेळी कमान, पावलं आखूड, तर ३. एखादा पाय उघड जपते, तर ४. पाय टेकतच नाही किंवा उठायलाच तयार नाही, तर ५.

आपण ४ झाल्यावर 'लंगडतेय' म्हणतो. पैसे वाचतात ते २ आणि ३ वर ओळखलं तर. खुराच्या तळव्याला आतून जखम असते, वरून काही दिसत नाही, ताप नसतो, गाय फक्त जरा जास्त वेळ बसते आणि गव्हाणीवर शेवटी येते. ताप नाही म्हणून दुखणं नाही, ही समजूत सोडा. खुराची जखम, सुरुवातीचा मुतखडा, खांद्याची सूज यांत थर्मामीटर नॉर्मल दाखवतो.

पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. मागच्या पायाचं दुखणं कमरेच्या हालचालीत दिसतं. आज हा पाय, उद्या तो, आणि सोबत ताप, असं पावसाळ्यात झालं तर तिव्याचा (तीन दिवसांच्या तापाचा) संशय घ्या. तोंडातून लाळेच्या तारा आणि चारही पाय झाडणं असेल तर लाळ्या-खुरकुताचा. मग चालवून बघणं थांबवा, ते जनावर बाकीच्यांपासून लगेच वेगळं करा.

जवळ जा, मग हात लावा

आता समोरून, बोलत जवळ जा. बरं जनावर कान पुढे करून बघतं, हुंगतं किंवा बाजूला सरतं. दुखणारं एकतर बघतच नाही, किंवा कान मागे ठेवूनच बघतं. पहिला स्पर्श दुखऱ्या जागेवर कधीही नको. मान, वशिंड, पाठ, असं करत शेवटी संशयाच्या जागेवर या, आणि दुसऱ्या बाजूची तीच जागा आधी दाबून पाहा. तुलनेशिवाय दाबण्याला अर्थ नाही. गाय अंग चोरते का, कातडी थरथरते का, श्वास रोखते का, ते बघा. मारकी नसलेली गाय अचानक लाथ झाडायला लागली तर तिला मारू नका, ती जागा लिहून ठेवा.

कासेकडे विशेष लक्ष. चारही सड पाहा. एका भागाला ऊब, कडकपणा, हात लावताच मागचा पाय बाहेर टाकून उभं राहणं ही दगडीची म्हणजे स्तनदाहाची सुरुवात असते, दुधात गाठी यायच्या आधीची. ही बातमी पहिल्यांदा धार काढणाऱ्या माणसाला लागते, आणि आपल्याकडे ते काम बहुतेक घरात बायका करतात. डॉक्टर आले की पुरुष मंडळी माहिती देतात आणि वहिनी मागे उभ्या. मी विचारतो, "वहिनी, धारेला काही वेगळं वाटलं का?" आणि उत्तर येतं, "परवापासून पुढचा उजवा सड धरू देत नाही, पान्हाही चोरते." निदानाचं निम्मं काम तिथेच होतं.

आकडा द्या

कोपनहेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये गाईंसाठी एक वेदना-मापपट्टी प्रसिद्ध केली. आजूबाजूकडे लक्ष, डोक्याची जागा, कान, चेहरा, माणूस जवळ आल्यावरचा प्रतिसाद आणि पाठ अशा गोष्टी तिच्यात पाहतात. तिच्याच धर्तीवर मी पशुपालकांना सोपा हिशेब सांगतो. या सहा गोष्टींना प्रत्येकी ० (नेहमीसारखं), १ (थोडा फरक) किंवा २ (स्पष्ट फरक) द्या. बेरीज जास्तीत जास्त १२.

माझा कामचलाऊ नियम: बेरीज ३ च्या पुढे गेली तर चार तासांनी पुन्हा मोजा आणि चाल, कास, खूर तपासा, ५ च्या पुढे गेली तर त्याच दिवशी डॉक्टर. चालीचे गुण वेगळे लिहा, त्यात मिसळू नका. मोजणारा माणूस शक्यतो एकच असावा. दोन भावांनी आळीपाळीनं दिलेले आकडे जुळत नाहीत आणि मग वही कोणीच मानत नाही.

मापपट्टीला मर्यादा आहेत. घाबरलेली, नुकतीच गाडीतून उतरवलेली, माजावर आलेली गायही दोन-तीन गुण घेते. आणि तीव्र तापात मलूल झालेल्या जनावराचा आकडा वाढतो, त्यात दुखणं किती आणि ताप किती हे वेगळं करता येत नाही. तिथे डॉक्टर वेदनाशामक देऊन फरक बघतात. दोन-तीन तासांनी आकडा उतरला, गाय बसून रवंथ करू लागली, तर दुखत असावं, पण ही औषधं तापही उतरवतात, त्यामुळे तो पक्का पुरावा नव्हे. आणि आकडा उतरला म्हणजे रोग गेला असंही नाही.

डॉक्टरांना पाठवायचा निरोप असा असावा: "एचएफ, तिसरं वेत, व्याल्याला २० दिवस. कालपासून दूध १४ वरून ९. आज सकाळी ताप १०२.८, नाडी ९६, श्वास ३४. वेदना ७, चाल २. उठताना कण्हते, उतारावरून खाली जात नाही. व्हिडिओ सोबत." एवढं वाचून डॉक्टर निघतानाच योग्य औषधं गाडीत टाकतात.

तार, खिळा आणि उतार

वरच्या निरोपातल्या 'उतारावरून खाली जात नाही' या वाक्याकडे मी थांबून बघेन. गाय ओठांनी निवडून खात नाही, जिभेनं गुंडाळून ओढते, त्यामुळे वैरणीतली तार-खिळा थेट पोटात. शेळी निवडून खाते, तिच्यात हे क्वचित. चाकण, वाघोली, हिंजवडीभोवती जिथे चराऊ रानाला लागून बांधकामं आली, तिथे सळ्या बांधायच्या तारेचे तुकडे गवतात पडलेले असतात. तार जाळीपोटात अडकते, पोट आकसलं की पुढे टोचते, आणि पुढे छाती-पोटामधल्या पडद्यापलीकडे हृदय आहे.

सुरुवातीला दूध एकदम घटतं, रवंथ थांबतो, पाठीला कमान येते. मग दोन-चार दिवसांत गाय सावरल्यासारखी वाटते आणि घरचे म्हणतात, अपचन होतं, गेलं. पुन्हा काही दिवसांनी तेच. उतारावर पोटातला भार पुढे सरकतो आणि टोचतं, म्हणून ती चढ आनंदानं चढते आणि उताराला अडते. वशिंडाच्या मागे दोन्ही हातांनी कातडी चिमटीत धरून दाबली तर बरी गाय पाठ खाली झुकवते. ही झुकवत नाही, कण्हते. मानेच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या आणि पोळीला (गळ्याखालच्या लोंबत्या कातडीला) सूज आली की हृदयापर्यंत पोहोचलंय असं समजायचं, आणि तेव्हा करण्यासारखं फार थोडं उरतं. लवकर कळलं तर लोहचुंबक देता येतो, गरज पडली तर शस्त्रक्रिया होते. कुट्टी यंत्राच्या तोंडाशी चुंबक लावणं हा त्याहून स्वस्त उपाय.

म्हैस, शेळी, मेंढी, बैल

म्हशीत एक प्रसंग वेळेशी स्पर्धा करतो: गर्भाशयाला पीळ. दिवस भरलेली म्हैस पोटाला लाथा मारते, ऊठबस करते, शेपटी उचलून कुंथते, पण पाणमोट (गर्भाभोवतीची पाण्याची पिशवी) पुढे येत नाही. 'अजून वेळ आहे' म्हणत रात्र काढू नका. कळा सुरू झाल्यासारख्या वाटून तासा-दोन तासांत काहीच पुढे सरकलं नाही तर फोन करा.

मेंढीचा चेहरा वाचण्याची पट्टी केंब्रिजमध्ये २०१६ साली तयार झाली. बारीक डोळा, ताठलेला गाल, मागे वळलेले कान, आणि नाकपुड्यांचा गोलसर आकार जाऊन आलेला टोकदारपणा. वाड्यावरच्या धनगर बांधवांना यातलं बरंच नजरेनं ठाऊक असतं. पाचशे मेंढ्यांत कळपाच्या मागे राहणारी एक त्यांना लांबून दिसते. गुडघे टेकून चरणारी मेंढी खूर कुजल्याचं सांगते.

बोकडाचं एक दुखणं वेगळं लिहितो, कारण ते फसवतं. ईदसाठी मका-गहू भरपूर घालून तयार केलेल्या, विशेषतः खच्ची केलेल्या बोकडात मुतखडा होतो. तो पाय ताणून उभा राहतो, शेपटी हलवत कुंथतो, ओरडतो, लघवी थेंब-थेंब किंवा अजिबात नाही. लोक त्याला बद्धकोष्ठ समजून तेल पाजतात. मग अचानक तो शांत होतो आणि घरात सगळ्यांना हायसं वाटतं. पुष्कळदा त्याच वेळी मूत्राशय फुटलेलं असतं. कुंथणारा बोकड लघवी न करता शांत झाला तर ती अधिक घाईची वेळ समजा.

बैलांचं दुखणं कामात लपतं. गळीत हंगामात बारामती, इंदापूर, दौंडच्या रस्त्यांवर ऊस ओढणाऱ्या बैलांच्या खांद्याची सूज जू ठेवताना दिसते. बैल मान खाली घालतो, एक पाऊल मागे घेतो, किंवा गाडी एका बाजूला ओढतो. याला 'अडेलपणा' म्हणून चाबूक उगारण्याआधी जू उतरवून खांद्यावर तळहात ठेवा, दोन्ही बाजूंची ऊब ताडा. पत्री (खुराची नाल) मारल्यावर एक-दोन दिवसांत लंगडायला लागला तर खिळा जिवंत भागात गेलाय, तो काढायला हवा. डोकं सारखं झटकणं, एका बाजूला तिरपं धरणं, एका नाकपुडीतून रक्ताळ स्राव, शिंग मुळाशी सैल, ही बैलातल्या शिंगाच्या कर्करोगाची लक्षणं.

खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळात बैलगाडा शर्यती २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर कायद्याच्या चौकटीत सुरू आहेत. त्यांच्या बाजूनं किंवा विरोधात इथे लिहीत नाही. बैल पाळणाऱ्याला एवढंच सांगेन की घाटात (शर्यतीच्या धावपट्टीवर) बैल पळाला म्हणजे तो ठणठणीत आहे असं होत नाही. पळताना शरीर दुखणं दाबून ठेवतं. खरी तपासणी त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, बैल पहिल्यांदा उठतो त्या क्षणी.

जे दुखणं आपणच देतो

वासराची शिंगं डागणं, खच्चीकरण, खुरसाळणी. शिंगाचं मूळ डागताना सुन्न करण्याचं इंजेक्शन दिलं नाही तर वासरू झटापट करतं, हे सगळे पाहतात. नंतरचं कोणी पाहत नाही: कान फडकावणं, डोकं झटकणं, मागच्या पायानं डोकं खाजवायचा प्रयत्न, दूध अर्धवट सोडणं. सुन्नपणा काही तासांत उतरतो आणि दुखणं त्यानंतर वर येतं, म्हणून सुन्न करण्यासोबत वेदनाशामकही मागून घ्या. काम वासराच्या पहिल्या काही आठवड्यांतच उरका. खच्चीकरणानंतर वासरू मागचे पाय फाकवून, आखडून चालतं, बसायचं टाळतं. हे 'होणारच' आहे, पण होणारच आहे म्हणून त्यावर औषध नको असं नाही.

सुजलेल्या सांध्यावर डाग देण्याची रीत अजून काही ठिकाणी आहे. माझं मत स्पष्ट आहे: देऊ नका. पहिल्या दुखण्यावर दुसरं चढतं, जनावर नव्या जखमेला जपतं आणि जुन्या सांध्याचं काय चाललंय ते कळेनासं होतं.

औषध घरचं नको

माणसांच्या गोळ्या जनावराला देऊ नका. जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर देशात २००६ पासून बंदी आहे, कारण ते औषध अंगात असलेलं मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मरतात. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवरही बंदी आली, पुढे निमेसुलाइडवर. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे आणि गाईत चांगलं चालतं, पण मात्रा, किती दिवस आणि दूध किती दिवस संघाला घालायचं नाही, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. पाणी कमी झालेल्या, खंगलेल्या जनावरात हीच औषधं मूत्रपिंडाला घातक ठरतात. स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं की गाय तासाभरात टवटवीत दिसते, म्हणून ते लोकप्रिय आहे. शेवटच्या महिन्यांतल्या गाभण गाईला त्यानं गर्भपात होऊ शकतो. इंजेक्शन देणाऱ्याला 'गाभण आहे' हे आधी सांगा, त्यानं विचारायची वाट पाहू नका.

औषधाइतकंच बसायची जागा काम करते. काँक्रीटवर उसाच्या पाचटाचा किंवा वाळूचा जाड थर, पाणी आणि वैरण तोंडाशी, आणि कळपातली बाकीची जनावरं दिसतील अशी जागा. एकटं कोंडलेलं जनावर अस्वस्थ होतं आणि तुमचा आकडाही बिघडतो.

रात्री-अपरात्री १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करून पाहा, किंवा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर गोठ्याच्या भिंतीवर ठळक लिहून ठेवा. एकाच गोठ्यात किंवा गावात बरीच जनावरं एकदम आजारी पडली तर डॉक्टरांमार्फत नमुने पुण्यातल्या औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे जातात. शस्त्रक्रियेसारखं मोठं काम निघालं तर भोर-पुरंदरकरांना नीरा ओलांडून शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ पडतं.

बरं झालं हे कधी म्हणायचं

वेदनाशामक चालू असतानाचा आकडा खरा धरू नका. शेवटच्या इंजेक्शननंतर दोन दिवस जाऊ द्या, मग सकाळी, त्याच जागेवरून, त्याच माणसानं मोजा. बेरीज ० किंवा १, चाल १, रवंथ पूर्ववत, आणि जनावर नेहमीच्या कुशीवर बसतं, खांबाला अंग घासतं, शेजारणीला चाटतं. अंग चाटणं-घासणं दुखण्यात सगळ्यात आधी बंद होतं आणि बऱ्याचदा सगळ्यात शेवटी परत येतं, म्हणून त्यावर माझा भरवसा जास्त. बाजारातून जनावर घेतानाही हेच लागू: विक्रीआधी इंजेक्शन टोचलेला बैल बाजारात झकास चालतो, तेव्हा जमल्यास दोन दिवसांच्या बोलीवर घ्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळी उठताना पाहा.

बैल असेल तर आणखी एक. औषधावर लंगडणं थांबलं म्हणून त्याच दिवशी जुंपू नका. आधी मोकळा चालवा, दुसऱ्या दिवशी रिकामी गाडी, संध्याकाळी खांदा आणि खूर हातानं तपासून वहीत लिहा, आणि आकडा चढला नाही तरच तिसऱ्या दिवशी अर्धा भार.